पगार थांबला तर पैसा कुठून काढायचा, याचा क्रम आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. पत्नी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका, एक मुलगी, नुकतंच घेतलेलं ३० लाखांचं गृहकर्ज, अशी २०२० ची स्थिती. टाळेबंदीत माझा पगार निम्म्यावर आला, पत्नीचा बंदच झाला. घाबरून सहा महिने हप्ते थांबवले, पीएफमधून उचल घेतली, तरी कार्डावर उधारी झालीच. सावरायला २०२३ उजाडलं. पुन्हा तशी साथ आली तर काय तयारी हवी? नोकरी डळमळायला लागली हे आधी कसं ओळखायचं? आणि आता हाती चार पैसे उरतात, ते गृहकर्जात भरू की रोकड म्हणून ठेवू?

उत्तर:

हप्ते थांबवणं, पीएफ काढणं आणि कार्ड वापरणं हे तिन्ही उपाय तुम्ही जवळपास एकाच वेळी केले. बहुतेक घरांनी तेच केलं, कारण २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढच्या चारच दिवसांत एकेक दार उघडत गेलं. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली, २८ मार्चला पीएफच्या नियमात कोविड उचल आली. दार उघडं दिसलं की माणूस आत शिरतो. आत शिरायची किंमत किती, हे त्या आठवड्यात विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मी आधी कारखान्यांत पगारपत्रकं आणि कामगारांचे हिशेब सांभाळले, आता कुटुंबांना कर्जाच्या हिशेबात मदत करतो. त्या काळात अडचणीत आलेली जी घरं पाहिली, त्यांतली बरीचशी पैसा कमी होता म्हणून फसली नाहीत. स्वस्त पैसा शिल्लक असताना महाग पैसा वापरला, किंवा उलट, म्हातारपणाचा पैसा पहिल्याच आठवड्यात उचलला, म्हणून फसली. म्हणून माझं सगळं सांगणं क्रमाभोवतीच फिरणार आहे.

हप्त्यांपासून सुरू करतो, कारण तिथे आकडे स्वच्छ दिसतात.

मार्च २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आलेली सवलत मे महिन्यात वाढून ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे एकूण सहा महिने झाली. अनेकांना वाटलं, हप्ते माफ झाले. हप्ते पुढे ढकलले होते, व्याज चालूच होतं. तुमच्या कर्जासारखं उदाहरण घ्या: ३० लाख बाकी, दर ८ टक्के, मुदत २० वर्षं उरलेली. हप्ता साधारण २५,१०० रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर बाकी रकमेत १ लाख २२ हजारांची भर पडते. वाईट, पण पेलण्याजोगं वाटतं ना? आता हप्ता तेवढाच ठेवून पुढे मोजा. २४० हप्त्यांऐवजी २६६ भरावे लागतात. सहा हप्ते चुकवले आणि त्यापायी २६ हप्ते जास्तीचे मानगुटीवर बसले, म्हणजे सुमारे साडेसहा लाख रुपये. कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा हिस्सा व्याजाचाच असतो, मुद्दल जेमतेम पाच हजारांनी हलत असतं. तिथे सव्वा लाख मुद्दलात मिसळले की ते उपसायला वर्षं जातात.

आता तोच हप्ता, तोच दर, पण कर्ज संपायला तीनच वर्षं उरलेली. बाकी साधारण ८ लाख. सहा महिने थांबवलं तर जास्तीचे हप्ते किती? दोनसुद्धा नाहीत. सवलत तीच, सहा महिने तेच, आणि किंमत एकाला २६ हप्ते तर दुसऱ्याला पावणेदोन. म्हणून पुन्हा अशी सवलत आली तर शेजाऱ्याने घेतली का हे न पाहता आपलं कर्ज किती जुनं आहे ते पाहा. जुनं कर्ज असेल तर बिनधास्त घ्या, तो त्या काळातला सगळ्यात स्वस्त पैसा असतो. नवं असेल तर शक्यतो निदान व्याजाएवढी रक्कम भरत राहा. वरच्या उदाहरणात ती महिना २० हजार आहे. तेवढं भरलं तर बाकी फुगत नाही आणि कर्ज फक्त सहा महिने लांबतं. अर्धवट भरलेलं बँक नाकारत नाही, पण स्वतःहून सुचवेल अशीही अपेक्षा ठेवू नका.

त्या वेळी व्याजावरच्या व्याजाची खूप चर्चा झाली होती, म्हणून एक ओझरता उल्लेख. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला, आणि २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने कर्ज कितीही असो, त्या काळात व्याजावर व्याज नको असा निकाल दिला. न्याय्यच झालं. पण तुमच्यासारख्या कर्जावर तो फरक दोन हजारांच्या आसपास भरतो. वर्तमानपत्रांत पान भरून चर्चा त्या दोन हजारांची होत होती, साडेसहा लाखांचं गणित कुणी मांडत नव्हतं.

सवलत मागून घेतली होती का, हेही तपासा. काही बँकांनी नकार न कळवणाऱ्या ग्राहकांना आपोआप सवलतीत धरलं. पुढच्या वेळी असं काही जाहीर झालं तर पहिल्याच आठवड्यात बँकेला लेखी कळवा: हवी, नको, किंवा फक्त व्याज भरतो.

आता क्रम. पगार थांबला किंवा निम्मा झाला, तर पैसा कुठून काढायचा, याची माझी उतरंड अशी आहे. सगळ्यात आधी बचत खात्यातली आणि मुदत ठेवीतली राखीव रक्कम. त्याच दिवशी एसआयपी आणि आवर्ती ठेवी थांबवायच्या, त्याला लाजायचं काही कारण नाही. एका हाताने कर्ज काढून दुसऱ्या हाताने गुंतवणूक करणारी घरं मी पाहिली आहेत. मग, जुनं कर्ज असेल तर हप्त्याची सवलत. त्यानंतर, काही पैसे नक्की येणार आहेत पण उशिरा येणार आहेत (ग्रॅच्युइटी, विम्याचा परतावा, कंपनीचा अंतिम हिशेब) अशी खात्री असेल तर तेवढ्यापुरतं सोनेतारण. त्यानंतर पीएफ. आणि वैयक्तिक कर्ज व कार्डाची उधारी सगळ्यात शेवटी, खरं तर नाहीच.

सोनेतारण आणि पीएफ या दोघांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे घरात भावना आड येतात.

सोन्याबाबत २०२० हे विचित्र वर्ष होतं. एकीकडे पगार आटत होते आणि दुसरीकडे ऑगस्टमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला ५५ हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली, मार्च २०२१ पर्यंत. ज्यांनी दागिने बँकेत ठेवून चार-सहा महिने निभावले आणि सोडवून आणले, ते व्याज वजा जाता सुखरूप सुटले. ९० टक्के मिळतात म्हणून ९० टक्के उचलणारे मात्र अडकले, कारण मार्च २०२१ पर्यंत भाव बराच उतरला होता आणि वर पैसे भरायची वेळ आली. दागिन्यांच्या निम्म्या किमतीपलीकडे उचलू नका आणि पैसे कुठून येणार हे ठाऊक नसेल तर तारण ठेवूच नका. कधी तरी नोकरी लागेल, हे उत्तर इथे चालत नाही.

पीएफबद्दल दोन टोकं दिसतात. एक म्हणजे, तो पैसा देवघरातला, हात लावायचा नाही. असं म्हणणारे गृहस्थ कार्डावर महिना साडेतीन टक्क्यांनी उधारी फिरवत होते. वर्षाला चाळीसच्या घरात व्याज, त्यावर जीएसटी, आणि तिकडे पीएफवर साडेआठ टक्के मिळतात याचं समाधान. दुसरं टोक म्हणजे, मिळतो आहे तर काढून ठेवू. २०२० मध्ये तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, किंवा जमा रकमेच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी ते काढता येत होतं, परत भरायची अट नव्हती. गरज नसताना काढलेला तो पैसा बचत खात्यात पडून राहिला आणि हळूहळू झिरपून गेला. तुमच्या वयात काढलेला १ लाख रुपया ८ टक्क्यांनी वीस वर्षांत ४ लाख ६६ हजार झाला असता. ही त्याची खरी किंमत. मग तो चौथ्या पायरीवर का ठेवला? कारण उत्पन्न नसताना नवं कर्ज काढण्यापेक्षा आपलाच पैसा वापरणं केव्हाही बरं. कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात दारात उभा राहतो, पीएफ उभा राहत नाही.

ती खास कोविड उचल जून २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या नियमांवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे प्रकार एकत्र करून नियम सोपे करायचं ठरवलं. त्यानुसार नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच मिळतात, पण उरलेल्या २५ टक्क्यांसाठी पूर्वीसारखे दोन नव्हे, बारा महिने थांबावं लागतं. म्हणजे पीएफची सगळी रक्कम हाताशी आहे असं धरून गणित करू नका, तीन चतुर्थांशच धरा.

नियमापेक्षा जास्त घोळ कागदांनी होतो. आधारवर एक नाव, यूएएनवर (पीएफच्या कायम खाते क्रमांकावर) दुसरं, जुन्या कंपनीतली सोडल्याची तारीख नोंदवलेलीच नाही, दोन वेगळी यूएएन, बंद पडलेलं बँक खातं. टाळेबंदीत कंपनीची कार्यालयं बंद, सायबर कॅफे बंद, आणि लोक स्पेलिंगपायी महिनोन्‌महिने अडकून पडले. हे काम सुखाच्या दिवसांत करायचं. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः पोर्टलवर भरता येते. आणि नामनिर्देशन. लग्नाआधी आईवडिलांचं नाव लावलेलं असतं आणि लग्नानंतर ते नव्याने करायचं असतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तरुण माणसं गेली, आणि त्यांच्या बायकांना पीएफ, पेन्शन आणि ठेवीशी जोडलेला ईडीएलआय विमा (२८ एप्रिल २०२१ पासून त्याची कमाल मर्यादा ७ लाख झाली) मिळवायला वारसाच्या कागदांसाठी चकरा माराव्या लागल्या. तुमचं ई-नामनिर्देशन झालं आहे का, हे आज रात्रीच पाहून घ्या. दहा मिनिटं लागतील.

आता नोकरीचं.

नोकरीची सुरक्षितता लोक साहेबाच्या बोलण्यावरून जोखतात. साहेबाला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं. मी पगाराच्या टेबलावर बसलेला माणूस आहे, तिथून दिसतं ते सांगतो. कंपनीची रोकड आटायला लागली की पैसे थांबवायचा तिचाही एक क्रम असतो. आधी पुरवठादारांची बिलं लांबतात. मग कर्मचाऱ्यांच्या प्रवासखर्चाची आणि इतर खर्चाची परतफेड. मग ओटी (जादा तासांचं काम) बंद, कंत्राटी कामगार कमी. मग पीएफचा भरणा. आणि शेवटी पगार. पगार उशिरा झाला की माणूस सावध होतो, पण ती शेवटची घंटा असते.

यातली पीएफची खूण तुम्हाला घरबसल्या दिसते. कंपनीने प्रत्येक महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. महिन्याच्या शेवटी पासबुक उघडून पाहायची सवय लावा. एखादा महिना नोंद उशिरा दिसणं समजू शकतं. पगारपत्रकात कपात दिसते आहे आणि पासबुकात सलग दोन महिने काहीच नाही, तर मग घरात बसून बोलायची वेळ आली. तसंच पगारातून कापलेला आयकर २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या पोर्टलवरच्या तुमच्या करविवरणात, तिमाहीनंतर दिसतो का ते पाहा. ही दोन्ही कापलेली रक्कम तुमची असते, कंपनी ती फक्त पुढे पोचवते. तीच वापरायची वेळ आली असेल तर आत काय चाललं असेल याचा अंदाज बांधा. तुमच्या धंद्यात आणखी एक खूण आहे. मोठ्या वाहन कंपनीचं पुढच्या महिन्याचं मागणीपत्रक किती आलं, हे भांडार विभागाला साहेबाच्याही आधी कळतं. तिथल्या माणसाशी चहापुरती तरी ओळख ठेवा.

सरकार पगार वाचवेल या आशेचं काय झालं तेही आठवा. २९ मार्च २०२० ला गृह मंत्रालयाने टाळेबंदीत पूर्ण पगार द्या असा आदेश काढला. १८ मेपासून तो मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोन्ही बाजूंनी बोलून तोडगा काढा असं सांगितलं. म्हणजे आदेशाच्या भरवशावर थांबलेल्यांना अखेर मालकाशी बोलणीच करावी लागली. म्हणून बोलणी करायची तर ती आधी, लेखी आणि मुदतीसह करा. पगार निम्मा होणार असेल तर किती महिन्यांसाठी, कापलेला भाग नंतर मिळणार की गेला, पीएफ जुन्या वेतनावर की नव्या, हे ई-मेलवर घ्या. तोंडी मिळालेल्या ‘परिस्थिती सुधारली की बघू’ला पुढे कुणी वाली नसतो.

आणि राजीनामा. त्या काळात नोकरकपात क्वचितच नोकरकपात म्हणून झाली. खोलीत बोलावून, उद्या तुमचाच अनुभवाचा दाखला अडायला नको, असं गोड शब्दांत सांगून राजीनामे घेतले गेले. सही केलीत की नोकरी तुम्ही सोडली. कपातीची भरपाई गेली. गृहकर्जाबरोबर नोकरी जाण्याचा विमा घेतला असेल तर तोही बहुधा गेला, कारण त्यात राजीनामा वगळलेला असतो. कायद्यात कामगार म्हणून मोडणाऱ्याने सलग सेवेचं वर्ष पूर्ण केलं असेल (हिशेब २४० दिवसांचा) तर कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही ही भरपाई कायम आहे, वर नवं कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने द्यायची आहे, आणि थकलेलं वेतन नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. व्यवस्थापकीय पदावर असाल, किंवा देखरेखीच्या कामावर महिना १८ हजारांहून जास्त पगार असेल, तर कामगार या व्याख्येतून बाहेर पडता, मग नियुक्तिपत्रातल्या अटीच तुमचा आधार. ते पत्र शोधून वाचा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, ती बुडेल या धाकाला बळी पडू नका. खोलीत बोलावलं तर एकच वाक्य पुरतं: विचार करून उद्या सांगतो. कागद घरी आणा, जाणकाराला दाखवा. शेवटी सहीच करायची ठरली तरी दोन-तीन महिन्यांचा पगार आणि आरोग्य विम्याची मुदत पदरात पाडून घेऊन करा.

ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अटल बिमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम मिळते, आयुष्यात एकदा. २०२० मध्ये ती २५ टक्क्यांवरून ५० वर नेली गेली. फारच थोड्यांनी मागितली, कारण माहीतच नव्हती. तुमच्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरांना सांगून ठेवा.

राखीव रक्कम किती असावी, यावर सहा महिन्यांचा खर्च हे ठरावीक उत्तर मिळतं. तुमच्या घराला ते पुरणार नाही, आणि कारण तुमच्याच प्रश्नात आहे. दोन पगार होते, पण साथीत दोन्ही एकदम गेले. विनाअनुदानित शाळेचा पगार पालकांच्या फीवर चालतो आणि फी पालकांच्या पगारावर. कारखाने थांबले की शाळेची फी थांबते. म्हणजे दोन पगारांचं मूळ एकच. उलट नवरा सरकारी दवाखान्यात आणि बायको हॉटेल व्यवसायात असेल तर एक पगार नक्की राहतो, त्यांना चार महिन्यांची रक्कमही पुरावी. तुम्ही नऊ महिन्यांचं लक्ष्य ठेवा. एका वर्षात होणार नाही, तीन वर्षं लागू द्या.

महिन्याचा खर्च म्हणजे काय, तेही नीट मोजा. मनातल्या मनात केलेला अंदाज हमखास कमी निघतो. वर्षभराचं बँकेचं विवरण घ्या आणि त्यात वर्षाकाठी एकदा येणारे खर्च, म्हणजे विम्याचे हप्ते, शाळेची फी, सोसायटीचा देखभाल खर्च, गाडीचा विमा, बाराने भागून मिळवा. साथीत काही खर्च आपोआप कमी होतात, पेट्रोल, बाहेरचं खाणं, लग्नकार्यं. पण औषधं, इंटरनेट आणि विजेचा खर्च वाढतो. २०२० मध्ये मीटर वाचन बंद असल्याने आधी सरासरी बिलं आली आणि जूनमध्ये थकलेल्या युनिटांचं एकत्र बिल हाती पडलं, तेव्हा निम्म्या पगारावरच्या घरांची तारांबळ उडाली होती. असा एखादा धक्का धरूनच आकडा काढा.

ही रक्कम ठेवायची कुठे, याबाबत मी हट्टी आहे. दोन वेगवेगळ्या बँकांत, बचत आणि मुदत ठेव मिळून, दोघांच्या नावे ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात’ अशा खात्यात. एकच माणूस रुग्णालयात अडकला तर दुसऱ्याला पैसे काढता आले पाहिजेत. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते आणि संचालक ओळखीचे असतात हे मला ठाऊक आहे, तरी अडीनडीचा पैसा तिथे नको. डेट म्युच्युअल फंडही (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारे) या कामाला नको. २३ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत, फ्रँकलिन टेम्पलटनने सहा योजना गुंडाळल्या आणि २५ हजार कोटींहून जास्त पैसा अडकला. पुढे लोकांना पैसे मिळाले, पण गरज एप्रिलमध्ये होती. शेअर बाजाराचं तर सांगायलाच नको. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी पडून २६ हजारांच्या खाली आला आणि जानेवारी २०२१ मध्ये ५० हजारांना शिवला. तळाला विकणाऱ्यांत घाबरट होते तसे घरखर्चाला पैसे नव्हते म्हणून नाइलाजाने विकणारेही होते. राखीव रकमेवर मिळणारं व्याज कमी वाटतं तेव्हा या दुसऱ्या गटाची आठवण ठेवा.

आरोग्य विमा कंपनीचा आहे, म्हणून वेगळा घेतला नाही, असं मला वारंवार ऐकायला मिळतं. तो विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि साथीत नोकरी आणि तब्येत एकाच महिन्यात जाऊ शकते. कुटुंबासाठी स्वतःचा एक विमा आताच घ्या, प्रतीक्षा काळ सुरू तरी होईल. दुसऱ्या लाटेत विमा असलेल्यांनाही खिशातून बरंच भरावं लागलं, कारण पीपीई किट, हातमोजे यांसारख्या वस्तू अनेक पॉलिसींत वगळलेल्या होत्या. आता त्या समाविष्ट करणारी जोड मिळते, थोडे पैसे जास्त जातात पण घ्यावी. महाराष्ट्र सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांसाठी दिवसाला सामान्य कक्ष ४,०००, अतिदक्षता ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे दर ठरवून दिले होते. बिल या दरांशी ताडून पाहणाऱ्यांचे पैसे कमीही झाले. न पाहणाऱ्यांनी छापलं तेवढं भरलं. क्रेडिट कार्डाला माझ्या उतरंडीत एवढीच जागा आहे: एक कार्ड पूर्ण रिकामं ठेवायचं, रुग्णालयाची अनामत भरण्यापुरतं. किराणा त्यावर नाही.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपांकडे वळू नका. २०२० च्या उत्तरार्धात त्यांच्या वसुलीच्या छळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमावा लागला. नियम आले आहेत, पण अनधिकृत ॲप नियम वाचत नाहीत. त्यापेक्षा भावाकडून किंवा मित्राकडून उसने घ्या, रक्कम आणि परतीची तारीख लिहून. संकोच वाटेल, तरी व्याजाने माणूस जेवढा वाकतो तेवढा संकोचाने वाकत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, गृहकर्ज फेडू की रोकड ठेवू. कर्ज डोक्यावरून उतरावं ही ओढ मला कळते, आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी भरण्याचा दंडही नसतो. पण कर्जात भरलेला पैसा नोकरी गेल्यावर बँक परत देत नाही. दोन लाख जादा भरलेले असले तरी पुढच्या महिन्याचा हप्ता चुकला की तुम्ही थकबाकीदारच. म्हणून आधी नऊ महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट, रोकड म्हणून जमवा, आणि त्यावर जे उरेल ते कर्जात घाला. तुमच्या बँकेत ओव्हरड्राफ्ट जोडलेलं गृहकर्ज मिळत असेल तर ते जरूर विचारा. त्यात जादा भरलेल्या पैशापुरतं व्याज लागत नाही आणि लागेल तेव्हा तो काढताही येतो. दर पाव टक्का जास्त असतो. कर्ज बदलायचा खर्च आणि हा पाव टक्का मिळून वर्षाला किती पडतात ते कागदावर मांडा आणि खात्यात साधारण किती जादा पैसा कायम ठेवू शकाल ते त्याशेजारी लिहा. जादा पैसा एक लाखाच्या आतबाहेरच राहणार असेल तर या बदलाच्या भानगडीत पडू नका, साधी मुदत ठेव पुरे. चार-पाच लाख कायम पडून राहणार असतील तर बदल फायद्याचा ठरतो.